तळघरातलं बोलावणं

विश्वात माणूस एकटा नाही, ही गोष्ट आता शंकेच्या पलीकडे गेली आहे.

हे वाक्य टायपिंगताईने त्या आठवड्यात पाचव्यांदा टाइप केलं. सरांना ते कधी अहवालाच्या सुरुवातीला हवं असायचं, कधी शेवटी. मंगळवारी ते अजिबातच नको होतं, कारण मंगळवारी त्यांना कुलसचिवांनी चहाला बोलावलं होतं. बुधवारी चहा पचला आणि वाक्य परत आलं.

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात 'असामान्य अनुभव अभ्यास कक्ष' नावाचा एक प्रकार होता. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तळघरात एक. कर्मचारी दोन: सर आणि टायपिंगताई. पूर्वी एक संशोधक मुलगीही होती. मुलाखतींची पहिली फेरी तिने घेतली, मग बँकेची परीक्षा पास झाली आणि पृथ्वीवरच्या कामाला लागली.

कक्षाचं काम सोपं होतं. आकाशात ज्यांनी काही पाहिलं, ज्यांच्याशी कुणी मनातल्या मनात बोललं, ज्यांना पुढचं आधी कळलं, अशा माणसांना बोलतं करायचं. बोललेलं शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं. मग प्रत्येक वाक्याखाली रंगीत पेन्सिलीने रेघ मारायची. उजेडाला पिवळी, आवाजाला निळी, भीतीला लाल. बोलण्यातल्या शांततासुद्धा सेकंदांत मोजून कंसात लिहायच्या असत. सव्वीस वर्षं टायपिंगमध्ये काढलेल्या ताईला माणसांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या गप्प बसण्याचा अंदाज जास्त यायला लागला होता. खोटं बोलणारा माणूस दोन सेकंद थांबतो. खरं बोलणारा चार. बायकोसमोर बोलणारा थांबतच नाही.

पहिल्या फेरीत चौतीस माणसं होती. चौतिसावा तिचा धाकटा भाऊ होता.

त्याला तिनेच आणलं होतं. सर अनुदानाच्या कागदावर चौतीस लिहून बसले होते आणि माणसं तेहतीसच मिळाली होती. धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. एका बारा मजली इमारतीच्या गच्चीवरल्या यंत्रखोलीतून त्याने एक उजेड पाहिला होता आणि कामाच्या वहीत इमानेइतबारे नोंदवलाही होता: "६.४० ते ६.४४, उजेड, स्थिर. लिफ्ट क्र. २ ला ग्रीस दिले." एवढाच त्याचा अनुभव. उजेडाविषयी त्याला ग्रीसपेक्षा जास्त काही वाटत नव्हतं. "चल की तासभर," ताई म्हणाली होती, "आमचा आकडा पुरा होईल." तो गेला, तासाभराने बाहेर आला, आणि येताना भाजी घेऊन घरी गेला.

त्याला आता चौदा महिने झाले होते, आणि धाकटा मरायला बसला होता.

मरण तसं ठरीव होतं. हृदयाची एक झडप आकसत चालली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, झडप बदलावी लागेल म्हणाले, आणि चित्राखाली लिहिलं: महिनाअखेरच्या आत. दुसऱ्या मजल्यावर चढला की त्याचे ओठ निळे पडायचे. फक्त त्याने संमतीच्या कागदावर सही करायची होती. ती तो करत नव्हता.

"सही कर आणि मोकळा हो," ताई म्हणाली.

तो खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला होता. त्याने लगेच उत्तर दिलं नाही. हल्ली तो कशाचंच लगेच देत नसे. चहा घेणार का विचारलं तरी आधी शांतता. ताईने सवयीने मोजली. दहा सेकंद.

"ताई, मला बोलावणार आहेत."

"कोण?"

दहा सेकंद. "ते."

"कधी?"

"तारीख दिली नाही. तयार राहा म्हणाले."

"मग ऑपरेशन करून तयार राहा."

"आणि नेमकं तेव्हाच बोलावलं तर? मी भूल देऊन पडलेला. गैरहजर लागायची."

बावीस वर्षांत तो कामावर एकदाही गैरहजर नव्हता. ह्या माणसाला समजावणं अवघड होतं. त्याने आपली हत्यारांची पेटी एका सहकाऱ्याला देऊन टाकली होती. दाराशी एक पिशवी भरून ठेवली होती: दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान, चष्म्याचं जादा घर. एवढ्या तयारीत भीती कुठेच नव्हती, आणि ताईला नेमकी त्याचीच भीती वाटली.

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुमच्याच ऑफिसातून आणलंय हे, ताई," ती म्हणाली. "सर्दी आणावी तसं."

ताई उठली. तिने पर्स उचलली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीचं ध्वनिमुद्रण तिच्या टेबलावर आलं. ही फेरी सरांनी स्वतः, वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत घेतली होती, कारण तळघराला ओल आली होती. त्याच माणसांना वर्षाने पुन्हा विचारायचं आणि आठवणीत काय टिकलं ते पाहायचं, अशी योजना होती. टिकलं तर होतंच. वर वाढलंही होतं.

ताईने कानाला यंत्र लावलं आणि पायाखालचं पेडल दाबलं. बसचालक बोलत होता. पहिल्या फेरीत ह्याने वळणावर एक उजेड पाहिल्याचं सांगितलं होतं, एवढंच. आता त्याला एक खोली आठवत होती. छत हाताला लागेल इतकं खाली, आणि छताला बारीक बारीक भोकं, हजारो. थंडी. एक गोडसर, झोंबणारा वास, दवाखान्यातल्यासारखा. कोपऱ्यात कुणीतरी उभं. उंच, काटकुळं, डोकं गोल आणि अंगाच्या मानाने फार मोठं, पांढरं. ते हललं नाही. बोललं नाही. पण आवाज आला. "कानातून नव्हे हो," बसचालक म्हणाला, "डोक्याच्या बरोब्बर मधोमध."

मग दंतवैद्याकडे नावं लिहून घेणारी बाई. छत, भोकं, थंडी, वास. कॉलरवर काहीतरी काळं, थंड, किड्याएवढं, चावा घेऊन बसलेलं. समोर एक लाल डोळा, जो मिटत नाही. मग शाळेतला भूगोलाचा मास्तर. तोच डोळा, तोच किडा. मास्तरने उंची अंदाजे पावणेसहा फूट सांगितली आणि दिशा ईशान्य.

आणि ते बोलायला लागण्याआधी, प्रत्येक वेळी, शांतता. ताईने घड्याळ लावलं. दहा सेकंद. बसचालक, दहा. बाई, दहा. मास्तर, दहा. एकमेकांशी कधीही न बोललेली माणसं एकाच मापाने गप्प बसत होती.

संध्याकाळपर्यंत तिने अकरा मुलाखती उतरवल्या. अकरावी संपताना एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "ते म्हणाले, तुम्हाला पुन्हा बोलावलं जाईल. तोवर याविषयी कुणाशी बोलू नका. मी आमचा कुत्रा देऊन टाकला. उगाच त्याचे हाल नकोत." ताईने हे वाक्य टाइप केलं, लाल पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. म्हातारीच्या आवाजात रेघ मारण्याजोगी भीती नव्हती.

चौतीसपैकी एकतीस जणांनी ती खोली सांगितली. सर आनंदाने खुर्चीत मावत नव्हते.

"एकतीस, टायपिंगताई. चौतीसपैकी. ह्याला सहमती म्हणतात. घरात चार माणसांचं जेवायच्या वेळेवर एकमत होत नाही."

"उरलेले तीन, सर?"

"तिघांची स्मृती अजून वर यायची आहे." सरांनी हवेत बोट वर नेऊन ती कशी येईल ते दाखवलं. सर काहीच मानत नव्हते आणि सगळं नोंदवत होते. अभ्यासकाने असंच राहावं, असं त्यांचं मत होतं. धाकट्याने पत्ते ओळखण्याच्या चाचणीत पंचवीसपैकी पाच ओळखले होते, म्हणजे डोळे मिटून कुणीही ओळखेल तितकेच. त्यावरही सर म्हणाले होते, "इतकी तंतोतंत सरासरी येणं, हेही विचार करण्यासारखं आहे."

अहवालाला पहिल्या फेरीचा सूचनांचा कागद जोडायचा होता. तो त्या मुलीने तळघरातच सोडला होता. विभागाचा शिपाई रजेवर, सरांचे गुडघे दुखरे. ताईचेही दुखरे होते, पण तिला ते विचारलं गेलं नाही. ती कठडा धरून खाली उतरली. कक्ष सुरू झाल्यापासूनच्या दोन वर्षांत ती तळघरात कधीच गेली नव्हती.

दार उघडलं आणि थंडी अंगावर आली. वरच्या संगणकांना गार ठेवणारा नळ ह्याच खोलीतून जात होता आणि तो बंद करता येत नसे. पूर्वी इथे ध्वनिप्रयोगशाळा होती. आवाज घुमू नये म्हणून छताला पांढरे तक्ते ठोकले होते. तक्त्यांना भोकं होती, बारीक बारीक, हजारो. तिने हात वर केला. बोटं टेकली.

कोपऱ्यात ते उभं होतं.

ताई जागच्या जागी थांबली. किती वेळ, ते तिने पहिल्यांदाच मोजलं नाही. मग तिने भिंतीवर चाचपून बटण दाबलं, आणि त्याचं डोकं पेटलं. तो दिवा होता. उंच बारीक दांडीचा, वर कागदाची गोल पांढरी टोपी. शेजारी आरामखुर्ची. खुर्चीच्या हातावर कॉलरला लावायचा चिमटीचा माईक. समोर रेकॉर्डर, चालू असताना लाल दिवा लागणारा. कानावर घालायचे जाड हेडफोन, आणि प्रत्येक माणसानंतर ते पुसायची स्पिरिटची बाटली, अर्धी. झाकण सैल राहिलं होतं.

सूचनांचा कागद टेबलावर होता. मुलीने तो नीट लिहिला होता. माणसाला आरामखुर्चीत निजवावे. अंग सैल सोडायला सांगावे. सूचना हेडफोनमधून हळू आवाजात द्याव्यात. शेवटी रेकॉर्डर बंद करून सांगावे: "यापुढे प्रत्येक उत्तराआधी मनात दहापर्यंत मोजा." आणि वाचून दाखवावे: "तुम्हाला पुन्हा बोलावलं जाईल. तोवर याविषयी कुणाशी बोलू नका. तयार राहा."

अर्धवट डोळे मिटून पडलेल्या माणसांना वर्षभरात उजेड आणि खोली यांची सरमिसळ झाली होती. एवढंच झालं होतं. ताई आरामखुर्चीच्या कडेवर बसली आणि तिला हसू यायला हवं होतं ते आलं नाही. एकतीस माणसं घरोघरी पिशव्या भरून बसली होती, आणि बोलावणारी मुलगी बँकेत होती.

जिना चढून ती तशीच सरांकडे गेली.

"हं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ही अभ्यासाची मर्यादा आहे. मर्यादांसाठी शेवटी एक परिच्छेद असतो. त्यात घालू."

"सर, ती खोली आपली आहे."

"तुमची निरीक्षणशक्ती चांगली आहे. पण सिद्ध कसं करणार?"

"ते तिघे. ज्यांना खोली आठवत नाही. त्यांच्या पहिल्या मुलाखती तिने त्यांच्या घरी जाऊन घेतल्या होत्या. वही पाहिली मी. घरी चहा आला की मुलाखत आपोआप संपते, तिघांना शेवटचं वाक्यसुद्धा वाचून दाखवलेलं नाही. ते तिघे मजेत आहेत."

"तीन हा आकडा फार लहान आहे, ताई," सर मायेने म्हणाले. "तिनावरून निष्कर्ष काढायचा नसतो."

मग ती चौतिसांतल्याच मीटरवाल्या काकांकडे गेली. काका वीज मंडळात मीटर वाचत असत. निवृत्तीनंतर ते ह्या अनुभव आलेल्या लोकांची दर गुरुवारी आपल्या घरी बैठक भरवत. कुणाशी बोलू नका ही सूचना होती, म्हणून बैठकीत कुणी बोलत नसे. नुसते बसत. दार वाजण्याआधी दाराशी कोण आहे ते काकांना कळतं, अशी त्यांची ख्याती होती.

"तुम्ही येणार हे माहीत होतं," काका म्हणाले. ताईने जिन्यातून फोन केला होता.

तिने खोलीचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं. काकांनी दहा सेकंद घेतले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "घाबरू नये म्हणून ते आपल्याला सोसेल असंच रूप घेतात. दिव्याचं घेतलं असेल."

"काका, तो दुकानातून आणलेला दिवा आहे. पावती आहे माझ्याकडे."

"पावती ठेवतील ना. ते काय अडाणी आहेत?"

सर अभ्यासाच्या बाजूने आणि काका अनुभवाच्या बाजूने एकाच भिंतीला टेकून बसले होते. महिना संपायला सहा दिवस उरले होते, आणि रुग्णालयाने सोमवारची शेवटची वेळ राखून ठेवली होती.

शुक्रवारी दुपारी ताईने धाकट्याला रिक्षात घालून विद्यापीठात आणलं. डोळ्यांनी पाहील, हात लावील, दिव्याचं बटण स्वतः दाबील, म्हणजे विषय संपेल, असा तिचा हिशेब होता. लिफ्टचा माणूस. कोणती वस्तू कशाने चालते हे त्याला दाखवलं की पुरे. तळघराच्या चौदा पायऱ्या उतरायला त्याला चारदा थांबावं लागलं.

दार उघडल्यावर तो उंबऱ्यातच उभा राहिला. छत पाहिलं. कोपरा पाहिला. ताईने बटण दाबून दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला.

"हे बघ. दिवा. हा माईक. हा वास स्पिरिटचा. ती मुलगी तुझ्याशी इथे बोलली. कुणी आलं नव्हतं, कुणी येणार नाही. समजलं?"

दहा सेकंद.

"समजलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका मोकळा तिने वर्षभरात पाहिला नव्हता. "म्हणजे बोलावणं इथूनच येतं."

"अरे..."

"आणि तू इथेच कामाला आहेस." तो सावकाश आरामखुर्चीत पडला. "आधी सांगायचंस की गं."

त्याने स्वतःच माईक उचलून कॉलरला लावला. हेडफोन कानावर चढवले. डोळे मिटले. त्याच्या ओठांचा निळा रंग दिव्याच्या पांढऱ्या उजेडात राखाडी दिसत होता. त्याचा श्वास आत जाताना एक बारीक आवाज करत होता, दार नीट न लागणाऱ्या लिफ्टसारखा. हा माणूस आता उठणार नाही, हे तिला कळलं. कुणी काही म्हणेपर्यंत तो इथेच पडून राहील, उद्याही, परवाही, आणि तिच्याखेरीज काही म्हणणारं इथे कुणी नाही.

तिने रेकॉर्डर चालू केला. लाल डोळा उघडला. तिने बोलायचा माईक तोंडाजवळ घेतला आणि दहापर्यंत मोजलं.

"तुम्हाला बोलावलं आहे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. थंडीने असेल. "सोमवारी. सकाळी सात. रुग्णालय, तिसरा मजला."

दहा सेकंद. "काय आणायचं?"

"काही नाही. रात्री बारानंतर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. उपाशीपोटी यायचं. कागद देतील, त्यावर सही करायची."

"दुखेल?"

ह्याचं उत्तर सूचनांच्या कागदावर नव्हतं. "थोडं," ती म्हणाली. "तुम्हाला झोपवतील."

त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सुखाचं होतं, आणि ते पाहणं ताईला सगळ्यात जड गेलं. घरी पोचल्यावर भावजयीला तिने एवढंच सांगितलं की तो सही करणार आहे. भावजय म्हणाली, "शेवटी कोणाचं ऐकलं?" ताई म्हणाली, "ऑफिसचं."

सोमवारी पावणेसातला रुग्णालयाच्या आवारात माणसं उभी होती. धाकट्याने गुरुवारच्या मंडळींना कळवलं होतं. काका होते, बसचालक होता, मास्तर होता, कुत्रा देऊन टाकलेली म्हातारी होती. ताईने मोजले. तीस. गाड्या लावायच्या जागेत ती रांगेने उभी होती, एकमेकांशी न बोलता. आकाशाकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांकडे पाहत होते. कुणी काही खाल्लेलं नव्हतं.

रखवालदाराने येऊन विचारलं, "पेशंट कोण?" दहा सेकंद कुणी उत्तर दिलं नाही. रखवालदार दोन पावलं मागे सरकला.

काका ताईजवळ आले. आवाज खाली आणून अदबीने म्हणाले, "ताई, घाई नाही. पण यादी तुमच्याकडेच असेल ना? आमचं कधी, तेवढं कळलं असतं तर बरं होतं."

"काका, घरी जा. काहीतरी खा."

"आदेश आहे का?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मागे एकोणतीस चेहरे तिच्याकडे वळले होते, शांत, आज्ञाधारक. ती काहीही म्हणाली असती तरी चाललं असतं, हे तिला त्या क्षणी दिसलं.

"हो," ती म्हणाली. "आदेश आहे."

तीसच्या तीस माणसं वळली आणि फाटकातून बाहेर गेली.

ऑपरेशन चार तास चाललं. धाकट्याने सही केली होती, ठळक, लिफ्टच्या वहीत करायचा तशी. दोन दिवसांनी त्याला अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं. ओठ गुलाबी होते. ताई पलंगाशी बसली तेव्हा त्याने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, आणि तिला खुणेने जवळ बोलावलं.

"ताई," तो कुजबुजला. "त्यांनी आत काहीतरी बसवलंय. माणसाचं नाही ते. ऐकू येतंय मला."

ताईने उशाशी ठेवलेलं रुग्णालयाचं कार्ड उचलून वाचलं. झडप डुकराची होती. ती दहा ते पंधरा वर्षं टिकते.